विसराळू कागद

बंदूक पसंत पडली, भाव जमला, की अमेरिकेतला दुकानदार ती परत काचेखाली ठेवतो आणि गिऱ्हाइकापुढे एक फॉर्म सरकवतो. फॉर्म ४४७३. टीव्हीवरची भांडणं ऐकली तर वाटतं, बंदुकीचा सगळा वाद १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीतल्या सत्तावीस शब्दांभोवती फिरतो आहे. तो फिरतोही. पण रोज दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत जे घडतं ते या कागदावर घडतं, आणि अमेरिकेने बंदुकीशी कसला सौदा केला आहे हे मला तरी त्या सत्तावीस शब्दांपेक्षा या फॉर्ममधून जास्त कळतं.

फॉर्म आला १९६८ च्या कायद्यातून. १९६३ मध्ये केनेडींना मारणारी रायफल शिकागोच्या दुकानातून, खोट्या नावाने, टपालाने मागवलेली होती. तरी कायदा व्हायला पाच वर्षं लागली आणि मध्ये मार्टिन ल्यूथर किंग व रॉबर्ट केनेडी यांचे खून व्हावे लागले. तेव्हापासून परराज्यातून थेट घरपोच बंदूक मागवणं बंद झालं. धंदा करायचा तर केंद्राचा परवाना हवा, आणि परवाना असलेल्या दुकानदाराने प्रत्येक विक्रीला हा फॉर्म भरून घ्यायचा. फॉर्म ज्या खात्याचा आहे त्याला एटीएफ म्हणतात. दारू, तंबाखू, बंदुका आणि स्फोटकं असे चार विषय एकाच छपराखाली नांदवणारं हे खातं.

भरायला फॉर्म सोपा दिसतो, आणि तिथेच लोक चुकतात. सगळ्यात नेहमीची चूक ‘काउंटी’च्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रकान्यात होते. गिऱ्हाईक ते ‘कंट्री’ असं वाचतं आणि ठोकून ‘यूएसए’ लिहितं. मधलं नाव पूर्ण लिहायचं असतं, नुसतं आद्याक्षर चालत नाही. मधलं नाव नसेलच तर ‘एनएमएन’ असं लिहून तसं कळवायचं. (वडिलांचं नाव मधे लावणाऱ्या मराठी माणसाला निदान या रकान्याचा त्रास नाही.) पत्ता राहत्या घराचा हवा, पोस्टाच्या पेटीचा चालत नाही, आणि ओळखपत्रावर जुना पत्ता असेल तर नवा दाखवणारा दुसरा सरकारी कागद लागतो. गिऱ्हाइकाचा भाग गिऱ्हाइकानेच भरायचा. या चुका क्षुल्लक वाटतात, पण तपासणीला आलेला एटीएफचा माणूस दुकानात नेमका हाच कागद काढतो. वाकडे भरलेले फॉर्म ढिगाने निघाले तर परवान्यावर येतं, म्हणून मुरलेला दुकानदार सही घेण्याआधी काउंटीच्या रकान्यावर बोट ठेवून दाखवतो.

मग होय-नाहीचे प्रश्न. वर्षाहून जास्त कैद होऊ शकेल अशा गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का? तसा खटला चालू आहे का? फरार आहात का? कोर्टाने मनोरुग्ण ठरवलं आहे का, किंवा सक्तीने इस्पितळात ठेवलं होतं का? लष्करातून नामुष्कीने काढलं आहे का? जोडीदाराला मारहाण केल्याची शिक्षा, अगदी किरकोळ कलमाखालची, आहे का? त्याच्यापासून किंवा तिच्यापासून लांब राहण्याचा कोर्टाचा हुकूम आहे का? एकाही जागी ‘होय’ पडला की सौदा तिथेच मोडतो.

बंदूक कशाला हवी, हा प्रश्न मात्र त्यात कुठेच नाही. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना मागणाऱ्याला आधी गरज पटवून द्यावी लागते. शेताला रानडुकरांचा त्रास, जिवाला धोका, असं काहीतरी. अमेरिकेत कारण सांगायची जबाबदारी सरकारवर आहे. ‘या माणसाला का देऊ नये’ हे सरकारने शोधायचं, आणि सापडलं नाही तर बाजूला व्हायचं. न्यूयॉर्क राज्याने बाहेर पिस्तूल बाळगायला ‘सबळ कारण’ मागण्याची पद्धत शंभर वर्षांहून जास्त चालवली. २०२२ च्या ब्रूएन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती ६ विरुद्ध ३ मतांनी मोडीत काढली आणि बंदुकीवरचं बंधन देशाच्या जुन्या परंपरेत बसलं पाहिजे, अशी कसोटी घातली. दोनच वर्षांनी रहिमी खटल्यात त्याच न्यायालयाने घरातल्या माणसाला धोका म्हणून कोर्टाचा हुकूम असलेल्याची बंदूक काढून घेता येते, हे ८ विरुद्ध १ ने मान्य केलं. परंपरा किती ताणायची याचा अंदाज आता खालची न्यायालयं बांधत बसली आहेत.

गांजाचा प्रश्न सगळ्यात विनोदी आहे, पण हसणं अंगाशी येऊ शकतं. कितीतरी राज्यांत गांजा कायदेशीर दुकानात पावती देऊन मिळतो. फॉर्मवर मात्र ठळक इशारा छापलेला आहे की राज्याने काहीही ठरवलेलं असो, केंद्राच्या कायद्याने गांजा बेकायदाच आहे. म्हणजे सकाळी एका दुकानात नियमाने वागलेला माणूस दुपारी दुसऱ्या दुकानात खरं लिहून बंदूक गमावतो, नाहीतर खोटं लिहून गुन्हेगार होतो. खोटं लिहिणारे फार थोडे पकडले जातात. पकडल्या गेलेल्यांतलं सर्वांत गाजलेलं नाव म्हणजे हंटर बायडेन. २०१८ मध्ये डेलावेअरमध्ये रिव्हॉल्व्हर घेताना व्यसनाबद्दल खोटं लिहिलं म्हणून २०२४ च्या जूनमध्ये ते दोषी ठरले आणि डिसेंबरात वडिलांनी, म्हणजे राष्ट्राध्यक्षांनी, माफी दिली.

आता व्हिसाचा प्रश्न, कारण तो आपल्या माणसांचा आहे. ग्रीन कार्ड असेल तर बंदूक घेता येते. एच-वन-बी, विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्याला बंदूकच काय, काडतूसही बाळगता येत नाही. ठळक अपवाद म्हणजे कुठल्यातरी राज्याचा शिकारीचा चालू परवाना. बहुतेकांना वाटतं की ही बंदी विकत घेण्यापुरती आहे. कायद्याला ‘ताबा’ पुरतो, आणि शूटिंग रेंजवर भाड्याची पिस्तूल हातात धरणं हाही ताबाच. फ्लोरिडात कॉलेजने काढून टाकलेल्या एका परदेशी विद्यार्थ्याने रेंजवर जाऊन नेम धरला आणि तो थेट केंद्रीय खटल्यात सापडला. आपला रहिवास बेकायदा झाल्याचं त्याला ठाऊक होतं हेही सिद्ध करायला हवं, असं २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ ने सांगितलं. पण तोवर प्रकरण तिथपर्यंत गेलेलं होतं. सुट्टीत लास व्हेगसला गेलेल्या पाहुण्यांचे रायफल घेतलेले हौशी फोटो फेसबुकवर पाहिले की हा खटला आठवतो.

सगळ्या प्रश्नांच्या आधी मात्र एक वेगळाच प्रश्न असतो: ही बंदूक तुम्ही खरोखर स्वतःसाठी घेता आहात का? आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारात ‘बेनामी’ म्हणतात, तीच ही भानगड. ज्याला बंदूक मिळू शकत नाही तो स्वच्छ नावाच्या मैत्रिणीला, भावाला, शेजाऱ्याला पुढे करतो. व्हर्जिनियातल्या ब्रूस अब्रॅम्स्की नावाच्या माजी पोलिसाची गंमत अशी की त्याच्या काकांना बंदूक मिळण्यात काहीच अडचण नव्हती. पोलिसांना मिळणारी सवलत पदरात पडावी म्हणून पुतण्याने २००९ मध्ये काकांसाठी ग्लॉक १९ घेतली. काकांनी आधीच ४०० डॉलरचा चेक पाठवला होता आणि त्यावर कशासाठी तेही लिहून ठेवलं होतं. पुतण्याने फॉर्मवर ‘स्वतःसाठी’ला होय म्हटलं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ ने ठरवलं की काका पात्र असले तरी खोटं ते खोटंच. यातली बारीक फट अशी की स्वतःच्या पैशाने घेऊन काकांना खरीखुरी भेट दिली असती, तर खरेदीदार पुतण्याच धरला गेला असता आणि तक्रार उरली नसती. त्या चेकने सगळा घोळ केला.

सही झाली की दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेकडे नाव पाठवतो, फोनवरून किंवा संगणकावरून. काही राज्यांत हे काम राज्याचं खातं करतं. ही यंत्रणा ३० नोव्हेंबर १९९८ ला सुरू झाली. तिचा मूळ कायदा १९९३ चा, आणि त्याला नाव आहे जेम्स ब्रेडी यांचं. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगनवर झाडलेल्या गोळ्यांपैकी एक डोक्यात बसून जन्मभर अपंग झालेले हे त्यांचे प्रसिद्धी सचिव. पश्चिम व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गमध्ये नाव गुन्ह्यांच्या, वॉरंटांच्या आणि बंदी असलेल्यांच्या याद्यांवर टाकतात. नागरिक नसलेल्यांसाठी इमिग्रेशनच्या नोंदीही चाळतात. उत्तरं तीन: द्या, थांबा, देऊ नका. बहुतेकांना काही मिनिटांत ‘द्या’ मिळतं.

घोळ मधल्या उत्तरात आहे. ‘थांबा’ आलं की कामकाजाचे तीन दिवस मोजायचे, आणि तेवढ्यात एफबीआयकडून काही आलं नाही तर दुकानदार स्वतःच्या मर्जीने बंदूक देऊ शकतो. देच असं नाही. काही मोठी दुकानं देत नाहीत. पण कायद्याने घड्याळ गिऱ्हाइकाच्या बाजूने लावलेलं आहे. २०१५ च्या एप्रिलमध्ये दक्षिण कॅरोलायनात एका एकवीस वर्षांच्या तरुणाचं नाव असंच अडलं. त्याच्यावर अमली पदार्थाची एक अटक होती आणि पोलिसांच्या अहवालात त्याने कबुलीही दिली होती. तो कागद तपासनिसाच्या हाती आला असता तर नकार पक्का होता. पण नोंदीत अटक चुकून लेक्सिंग्टन काउंटीच्या नावावर पडली होती. त्यांनी सांगितलं, आमची केस नाही, कोलंबिया शहराच्या पोलिसांना विचारा. तपासनिसाने आपल्या यादीत त्या काउंटीखाली पाहिलं तर तिथे ‘वेस्ट कोलंबिया’ पोलिसांचा पत्ता होता. तिथे विचारलं, त्यांच्याकडे काही नव्हतं. कोलंबियाला कुणी विचारलंच नाही. तीन दिवस सरले, पिस्तूल गेलं, आणि १७ जूनला चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ माणसं प्रार्थनेला बसलेली असताना मारली गेली. एफबीआयचे संचालक जेम्स कोमी यांनी जुलैमध्ये ही चूक जाहीरपणे कबूल केली.

मुळात यंत्रणेला तेवढंच ठाऊक असतं जेवढं कुणीतरी तिला कळवतं. १९९७ च्या प्रिंट्झ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की केंद्र सरकार राज्यांच्या अधिकाऱ्यांना आपल्या तपासणीच्या कामाला जुंपू शकत नाही. त्यामुळे राज्यांनी नोंदी पाठवाव्यात ही विनंती असते, फार तर अनुदानाचं आमिष. २००७ मध्ये व्हर्जिनिया टेकमध्ये बत्तीस जणांना मारणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच्याकडून त्याच्याच जिवाला धोका आहे असं ठरवून न्यायाधीशाने आधीच उपचार घ्यायला सांगितलं होतं. पण उपचार इस्पितळात न राहता घ्यायचे होते, आणि राज्य फक्त दाखल झालेल्यांची नावं पाठवत असे. त्या बत्तीस जणांत मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगी होती. २०१७ मध्ये टेक्ससच्या सदरलंड स्प्रिंग्जच्या चर्चमध्ये सव्वीस जीव गेले तेव्हा कळलं की मारेकऱ्याला बायको आणि सावत्र मुलाला मारहाण केल्याबद्दल हवाई दलाच्या कोर्टाने शिक्षा दिली होती, पण हवाई दलाने ती एफबीआयला कळवलीच नव्हती. दोघांनाही ‘द्या’ मिळालं होतं.

इथवर हा गलथानपणा कुठल्याही सरकारी कचेरीत शोभला असता. यापुढचं मात्र ठरवून केलेलं आहे. ज्याला ‘द्या’ मिळालं त्याची माहिती एफबीआयने चोवीस तासांच्या आत पुसून टाकायची, असा संसदेचा हुकूम आहे. भरलेला फॉर्म सरकारकडे जात नाही, तो दुकानदाराच्या कपाटात राहतो. आणि १९८६ च्या कायद्याने बंदुकांची, मालकांची किंवा व्यवहारांची देशव्यापी नोंदवही उघडायलाच केंद्राला मनाई केली. जमिनीच्या भाषेत बोलायचं तर ना सातबारा, ना फेरफार. २०१८ च्या स्मॉल आर्म्स सर्व्हेच्या अंदाजाने नागरिकांकडे ३९ कोटींच्या वर बंदुका आहेत, माणसांपेक्षा जास्त, आणि त्यातली कुठली कोणाच्या घरात आहे हे सरकारला पाहता येत नाही.

हा वेडेपणा वाटेल, पण यामागचं भय समजून न घेता हसलं तर निम्मी अमेरिका कळत नाही. बंदूकवाले म्हणतात, यादी झाली की जप्ती लांब नसते, आणि हटकून न्यूयॉर्क शहराचं उदाहरण देतात. तिथे १९६७ मध्ये रायफलींची नोंदणी सक्तीची केली, ‘नुसती नोंद’ म्हणून, आणि १९९१ मध्ये काही प्रकारांवर बंदी आली तेव्हा नोंदवहीतली नावं आयतीच समोर होती. हे भय एकाच रंगाचं किंवा एकाच पक्षाचं नाही. त्याच १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षाचे लोक उघड्या बंदुका घेऊन विधिमंडळात शिरले, आणि भरल्या बंदुका उघड मिरवण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही केली ती गव्हर्नर रेगन यांनी. तरीही मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. यादीचं भय खरं असेल, पण यादी नसल्याची किंमत कोण मोजतं तेही पाहावं लागतं.

फॉर्मला एक गोष्ट दिसूच शकत नाही. २०२३ मध्ये बंदुकीने ४६,७२८ माणसं गेली. त्यातल्या २७,३०० आत्महत्या होत्या, म्हणजे निम्म्याहून बऱ्याच जास्त. खून सुमारे १८ हजार. सामूहिक गोळीबारांवर महिनोन्‌महिने चर्चा होते, या आकड्यावर क्वचित. अशा अवस्थेतला माणूस सगळ्या प्रश्नांना खरेपणाने ‘नाही’ लिहू शकतो. आणि ती टोकाची घडी पुष्कळदा थोड्या वेळाने ओसरते. बंदूक जवळ असली की ओसरायला वेळच मिळत नाही. कॅलिफोर्नियातली दहा दिवसांची सक्तीची थांबणूक इथे कामाला येते. घरात बंदूक वेगळी आणि गोळ्या वेगळ्या कुलपात ठेवणं तर त्याहून साधं. २००५ च्या कायद्याने दुकानदाराला प्रत्येक पिस्तुलासोबत कुलूप किंवा तसं साधन द्यावं लागतं, मात्र ते लावायची सक्ती केंद्राने केलेली नाही. मला सगळ्यात आशेचं वाटलं ते न्यू हॅम्पशरमध्ये. २००९ मध्ये तिथल्या एका दुकानातून आठवड्याच्या आत तीन अनोळखी गिऱ्हाइकांनी बंदुका घेतल्या आणि काही तासांतच जीव दिला. हादरलेले दुकानदार आणि आरोग्यवाले एका टेबलाला बसले. घाईत आलेलं, देखभालीबद्दल काहीच न विचारणारं, कुठलीही चालेल म्हणणारं गिऱ्हाईक कसं ओळखायचं आणि विक्री कशी टाळायची, याच्या सूचना त्यांनी मिळून तयार केल्या. त्यासाठी कुठलाही नवा कायदा लागला नाही.

राहिला पश्चिम व्हर्जिनियातलाच मार्टिन्सबर्ग. गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या बंदुकीचा माग काढायची देशातली एकमेव जागा तिथे आहे. वर्षाला सहा लाखांच्या घरात विनंत्या येतात. पोलीस बंदुकीची कंपनी, मॉडेल आणि क्रमांक कळवतात. (एआर-१५ सारख्या रायफलीत क्रमांक असतो तो घोड्याची यंत्रणा बसते त्या खालच्या सांगाड्यावर, कायद्याच्या लेखी बंदूक म्हणजे तेवढाच तुकडा, नळी आणि दस्ता नुसते सुटे भाग.) मग इथला माणूस कारखान्याला फोन करतो: ही कोणाला पाठवली? कारखाना घाऊक व्यापाऱ्याचं नाव सांगतो, तो दुकानाचं, दुकानदार आपली आवक-जावक वही उघडतो आणि कपाटातला ४४७३ काढतो.

दुकान बंद पडलेलं असेल तर त्याची सगळी बाडं मार्टिन्सबर्गलाच आलेली असतात. खोकी इतकी साठली की जागा पुरेना म्हणून आवारात मालवाहू कंटेनर आणून ठेवले. कागदांचे फोटो काढून संगणकावर चढवतात, पण नाव टाकून शोधायची सोय मुद्दाम ठेवलेली नाही, कारण ती केली तर नोंदवही झाली. म्हणून दुकान ओळखायचं, साल अंदाजायचं आणि एकेक पान उलटत जायचं. तातडीच्या प्रकरणात चोवीस तासांत उत्तर देतात, एरवी काही दिवस लागतात.

एवढं करून हाती लागतं ते पहिल्या खरेदीदाराचं नाव. पोलीस त्याला फोन करतात. तो म्हणतो, हो, माझीच होती, पण कितीतरी वर्षांपूर्वी विकली, आमच्याच राज्यातल्या माणसाला. कोणाला? नाव नाही विचारलं. केंद्राच्या कायद्याने खाजगी विक्रीत ते विचारायची गरज नाही, आणि त्याचं राज्य विचारा म्हणणाऱ्यांपैकी नसेल तर पोलीस आभार मानून फोन ठेवतात.